कारंज्याआधीची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय, आणि आधीच सांगून टाकते : दोष मुकादमांचा. माझा नाही, माझ्या मालकिणीच्या फुंकेचा नाही, वाऱ्याचा नाही, पाण्याचा तर अजिबात नाही. मुकादमांचा, आणि त्यांच्या आजूबाजूच्या त्या सगळ्या मोठ्या माणसांचा, ज्यांना खरं काय ते माहीत होतं आणि जी मूग गिळून बसली होती. वयाचा मान वगैरे ठेवायला मला कुणी शिकवलेलं नाही. मी पितळेची आहे. फुंकलं की जे आहे तेच बाहेर येतं.

आता हे सगळं कळायचं तर कारंज्यांची भानगड कळायला हवी, आणि ती भानगड इतकी भारी आहे की सांगताना अजूनही मला दम धरवत नाही. पण आधी मी कोण, ते दोन शब्दांत.

पितळी पत्र्यावर साच्याचा एक ठोका बसला आणि मी झाले. दोन अर्धी अंगं जोडली, वर चकचकीत मुलामा चढवला आणि डोक्यावरच्या फटीतून बुचाचा एक दाणा दाबून पोटात सोडला. तो दाणा एकदा आत गेला की बाहेर येत नाही, जन्मभर आत गरगर फिरतो. माझ्या जातीचा सगळा जीव त्या दाण्यात. तो नाचला की आवाज थरारतो, आणि आवाज थरारला की मैदानावरची बावीस माणसं जागच्या जागी थांबतात. हो, मी पंचाची शिट्टी. मैदानासाठी घडलेली.

मला गळ्यात घातलं ते भिंगरीने. तिचं खरं नाव घरात कुणाला आठवतही नसेल, कारण एका जागी न ठरणाऱ्या पोरीला जे नाव पडायचं ते पडलं. खेळाच्या कॉलेजात ती पंच व्हायला शिकत होती. एका सामन्यात प्राचार्यांच्या भाच्याने समोरच्याच्या पायावर पाय दिला, भिंगरीने मला फुंकलं, मी वाजले, संपला विषय. पण नाही. संध्याकाळी तिला ऑफिसात बोलावलं आणि प्राचार्य म्हणाले, "ती शिट्टी मागे घे."

"वाजलेली शिट्टी मागे कशी घ्यायची, सर?" भिंगरीने विचारलं. चेष्टा नव्हती ती, तिला खरंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेज सोडलं. घरी बापाने तिला 'अर्धवट' हे नवं नाव दिलं आणि दोन वेळचं जेवण त्या नावाबरोबरच वाढायला सुरुवात केली. मग ती बॅग उचलून काकाकडे निघून आली. काका म्हणजे मुकादम. किल्ल्याच्या तटालगतच्या कामगारांच्या खोल्यांत राहणारे, राजबागेच्या पाण्याचे मुकादम.

पहिल्याच सकाळी काकू तिला म्हणाली, "जा, वाडा बघून ये. इथे बसून काय छत मोजणार?"

आणि आम्ही गेलो!

मी तोवर एक कॉलेज आणि एक मैदान पाहिलेलं. वाड्याच्या दरवाजासमोर उभ्या राहिलो आणि भिंगरी म्हणाली, "बापरे." मी तिच्या गळ्यात होते, तिच्या छातीची धडधड मला थेट लागत होती. दरवाजाच्या फळ्यांवर हाताएवढे लोखंडी सुळे, बाहेरच्याने धडक मारली तर त्याच्याच अंगात घुसावेत म्हणून. आत शिरलो आणि ऊन कापल्यासारखं बंद झालं. दगडाचा असा गारवा की माझ्या पितळेवर दव जमलं. वळणाची वाट, पुन्हा दरवाजा, पुन्हा वळण. शत्रूला घेरी आणायची ही युक्ती, आणि पर्यटकांनाही ती येत होतीच.

आमच्या घोळक्याचा वाटाड्या होता त्याला सगळे रेडिओ म्हणत. बटण दाबलं की सुरू, आणि बंद करायचं बटण नाहीच. "हे सिंहासन! बसू नका! हे आरसे! हात लावू नका! हे राणीसाहेबांचं न्हाणीघर! हसू नका!" आरसेमहालात शिरलो तर हजार भिंगऱ्या आणि हजार शिट्ट्या. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. चांगली दिसत होते, सांगायला लाज कसली. मग राजाची झोपायची खोली, तिचं छत निळं आणि त्यावर सोन्याच्या टिकल्या. मग हत्यारांचं दालन, मग एक अरुंद काळोखा जिना. खाली, खाली, गोल गोल खाली. पुढच्या बाईची टाच आणि मागच्या माणसाचा श्वास, एवढंच जग.

आणि शेवटच्या पायरीवर उजेडात पाय टाकला, तोच समोर जमिनीतून पाणी उसळलं!

नुसतं उसळलं नाही, सणाणत वर गेलं, वर जाऊन फुललं आणि उन्हात फुटून खाली आलं. भिंगरी किंचाळली. पुढच्या बाईने कुणाचा तरी हात धरला, तो तिच्या नवऱ्याचा नव्हता. जणू त्या पाण्याला कळलं होतं की आपण आलो. प्रत्येकाला तसंच वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं : माझ्यासाठी, माझ्याचसाठी!

"चला, पुढे चला," रेडिओ ओरडला. "आणि मागे वळून बघायचं नाही हां! जो मागे बघेल त्याला राजाचा शाप लागतो!"

आता भिंगरीला 'नाही' म्हटल्यावर काय होणार? कुंपणाच्या वळणावर ती थांबली आणि तिने मान वळवली. ते उंचच्या उंच कारंजं दमलेल्या पोरासारखं हळूहळू खाली बसत होतं. बसलं. थेंबथेंब होऊन गप्प झालं. आणि बाजूच्या हिरव्या कुंपणातून एक सुरकुतलेला हात बाहेर आला आणि घामाने भिजलेलं फडकं पिळून परत आत गेला.

"काकू," घरी येताच भिंगरीने विचारलं, "त्या झुडपात कोण बसतं?"

काकू इतकी हसली की तिला बसावं लागलं. "तुझा काका बसतो! दुसऱ्या झुडपात!"

तर भानगड ही अशी. बागेतली पाच कारंजी एकामागे एक खाली उतरत जातात. पाणी वरच्या हौदातून येतं, उताराच्या जोरावर, पंप नाही. पण ते पाणी पाचही कारंज्यांना एकदम पुरत नाही. जेमतेम एकाला, फार तर दोघांना. राजाला वाटायचं की आपल्या बागेत दिवसरात्र पाची कारंजी उडतात. त्याला खरं सांगायची कुणाची छाती? मग माळ्यांनी युक्ती काढली. प्रत्येक कारंज्यामागे एक खड्डा, खड्ड्यात पाणी सोडायचं आणि बंद करायचं चाक, चाकावर एक माणूस, आणि भोवती माणसाच्या दुप्पट उंचीचं कुंपण. एका कारंज्यावरून दुसरं दिसत नाही. राजा पहिल्याकडून निघाला की पहिला माणूस शिट्टी मारणार, ती ऐकून दुसरा चाक फिरवणार, मग पहिला आपलं बंद करणार. राजा जाईल तिथे पाणी, राजाची पाठ वळली की कोरडं. राजा मेला, त्याची पोरं-नातवंडं कुठे कुठे गेली, वाड्याला तिकीट लागलं. खोटं मात्र जसंच्या तसं चालू. आता ते तिकीट काढणाऱ्यांसाठी चालतं.

मी ऐकलं आणि माझा दाणा पोटात टणकन उडाला. शिट्टी! म्हणजे या सगळ्या थाटाच्या आधी एक शिट्टी लागते!

योग असा की त्याच आठवड्यात पहिल्या खड्ड्यातल्या शिट्टीमामांची कवळी उडाली. शिट्टीमामा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत, सगळा जन्म त्यांनी तेच केलं. खरे दात गेल्यावर कवळीच्या आधाराने निभावलं. त्या दिवशी त्यांनी जोर लावला आणि कवळी कुंपणावरून उडून थेट हौदात, चार पर्यटकांच्या समोर. रेडिओ म्हणाला, "राजाच्या काळातले दात!" लोकांनी फोटो काढले. पण मामांचं काम गेलं.

भिंगरीने जेवताना मला गळ्यातून काढून ताटाशेजारी ठेवलं. "काका, मी येते. ही बघा, माझी शिट्टी."

मुकादम आधी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आवाज त्यांचा नेहमीच डोंगरावरून हाक मारल्यासारखा. "ही खेळण्यातली?"

"पंचाची आहे!"

"बोटाच्या शिट्टीची सर तिला यायची नाही." पण दुसरं कुणी मिळत नव्हतं. मिळालं काम.

ते पहिले दिवस! कुंपणाला डोळ्याएवढी एक फट आहे, तिच्यातून जिन्याची शेवटची पायरी दिसते. जिन्यातून पावलं ऐकू यायला लागली की भिंगरीचा एक हात चाकावर, दुसऱ्यात मी. पहिली चप्पल उजेडात आली की चाक फिरायचं, आणि आम्ही फटीतून चेहरे बघायचो. म्हातारे, पोरं, भांडून आलेली नवरा-बायको, सगळ्यांची तोंडं एकसारखी उघडी. एक चष्मेवाला गृहस्थ टाळ्या वाजवून आजूबाजूला बघायला लागला, टाळ्या कुणाला द्यायच्या ते कळेना. भिंगरी झुडपात कमरेत वाकून सलाम करायची. कॉलेजात मी वाजले की कुणीतरी रडायचं नाहीतर भांडायचं. इथे मी वाजले की पाणी उडायचं. याहून मोठं भाग्य शिट्टीला नसतं.

पण मी वाजले तरी दुसरं कारंजं कधी वेळेवर यायचं, कधी नाही. दुसरं म्हणजे सगळ्यांत मोठं. चार दगडी घोडे मागच्या पायांवर उभे आणि मधून वाड्याच्या गच्चीशी बरोबरी करणारी धार. ते मुकादमांच्या चाकावर. कधी लोक हौदापाशी येऊन उभे राहायचे, दगडी घोडे आ वासून कोरडे, आणि मग एकदम पाणी. कधी लोक पुढे निघून गेल्यावर, रिकाम्या बाकांसाठी.

"शिट्टीत दम नाही," मुकादमांनी पहिल्याच उशिराच्या दिवशी निकाल दिला.

"सगळ्या बागेला ऐकू जाते, काका."

"बागेला जात असेल. मला खड्ड्यात नाही येत. दम नाही."

बाकीचे चाकवाले काय म्हणाले? तिसऱ्या खड्ड्यातला ढोल्या पान चघळत म्हणाला, "मुकादम म्हणतात म्हणजे असेल." चौथ्यातला म्हणाला, "मामांच्या शिट्टीची गोष्टच वेगळी होती." पाचव्यातल्याने मान अशी हलवली की ती दोन्ही बाजूंनी लागू पडावी. या तिघांना माहीत होतं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आता आहे, म्हणून आता शिव्या देतेय.

मग माझे हाल सुरू झाले. मुकादमांनी मला गरम पाण्यात उकळलं, कारण आत थुंकी साचली असेल. मग तेलात बुडवलं, कारण दाणा सुकला असेल. मग काकूच्या केसांची पिन फटीतून घालून दाणा टोचटोच टोचला, कारण तो अडकला असेल. दाणा बुचाचा असतो हो! उकळल्यावर तो फुगला, तेलाने मऊ पडला, पिनेने त्याचे कण निघाले. मी ओरडणार तरी कशी? माझी हीच तर अडचण आहे, मला बोलायला दुसऱ्याचं तोंड लागतं.

एका दुपारी, पर्यटक नसताना, मुकादमांनी आपल्या खड्ड्यात एकट्याने मला तोंडात धरलं आणि फुंकलं. चांगली फुंक होती म्हाताऱ्याची, नाही म्हणत नाही. वाड्याच्या घुमटावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. तटावर झोपलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. मुकादमांनी मला तोंडातून काढलं, उलटसुलट पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "बघ. काही नाही."

तेव्हा मला कळलं. दोष कशात आहे ते मला कळलं, आणि मी फक्त एक शिट्टी.

भिंगरीला मात्र वाटायला लागलं की कमी तीच आहे. हा राग माझा जायचा नाही. माझे हाल केले ते केले, पितळ आहे, सोसेन. पण ती पोर सकाळी उठून तटाच्या पायऱ्या चढायची-उतरायची, छाती वाढावी म्हणून. पाण्याच्या बादलीत तोंड घालून श्वास रोखायची. "तू कमी पडतेस" हे तिला बापाने सांगितलं होतं, प्राचार्यांनी सांगितलं होतं, आणि आता काका रोज संध्याकाळी ओरडून सांगत होते. मोठ्या माणसांचं हे बरं असतं. आपलं काही बिघडलं की ते लहानांत शोधायचं.

तिला दोनदा धागा सापडला होता, पण तिने ओढला नाही. एकदा मुकादमांच्या खड्ड्याभोवती झाडताना तिला पांढऱ्या गोट्यांचा ढीग दिसला. खड्ड्यावर उन्हासाठी पत्र्याचं एक झाकण टेकवलेलं असे, त्याच्या आजूबाजूला. "हे कुठून आले?" ढोल्या म्हणाला, "पक्षी टाकतात." दुसऱ्यांदा घरी तिने पाहिलं, काकू काकांना हाक मारत नाही. टेबलावर मूठ आपटते, धाड, मग काका वर बघतात. "ही काय रीत झाली?" भिंगरीने विचारलं. काकूने पोळी तव्यावर टाकली आणि पोळीशीच बोलली, "आमची अशीच आहे."

मग खुला दिवस जाहीर झाला. त्या दिवशी वाड्यात तिकीट नसतं, येईल त्याला आत. व्यवस्थापक मॅडम बागेत आल्या, हातात चष्म्याची दोरी गुंडाळत. सगळे चाकवाले ओळीने उभे.

"मोठं कारंजं सारखं उशिरा येतंय, मुकादम. खुल्या दिवशी अर्धं गाव इथे असेल."

"शिट्टीत दम नाही मॅडम. आणि पोरगी नवीन आहे. फुंक कमी पडते."

मॅडमनी भिंगरीकडे पाहिलं. "मग हे बघ. त्या दिवशी उशीर झाला तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस. मी विजेची घंटा बसवेन."

भिंगरीच्या हातात मी होते. तिची मूठ इतकी घट्ट झाली की माझ्या कडा तिच्या तळव्यात उमटल्या. दुसरं कॉलेज नव्हतं, दुसरं घर नव्हतं, आणि पायरीवर पाणी उसळल्यावरची ती तोंडं तिला जगात सगळ्यांत जास्त आवडत होती. काका शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि आपल्या खड्ड्याकडे निघाले.

खुला दिवस उजाडला आणि काय गर्दी! शाळेची पोरं, सायकलवाले, दुकानं बंद करून आलेले दुकानदार, पाळणाघराच्या बाया कडेवर दोन दोन मुलं घेऊन. जिन्यातून नुसता गडगडाट. शिट्टीमामाही आले होते. सगळा जन्म त्या बागेत काढला, पण समोरून कारंजं बघायची त्यांची पहिलीच वेळ. नवी कवळी, नवा सदरा, खांद्यावर नात. काकूही होती, ठेवणीतली चप्पल घालून.

पहिलं कारंजं असं काही उडालं की वरच्या पायरीवरच्यांनाही शिंतोडे. पोरं ओरडली, आजोबा ओरडले, मामांची नात "पुन्हा! पुन्हा!" म्हणून त्यांचे कान ओढायला लागली, आणि मामा डोळे पुसत होते. घोळका वळणाकडे निघाला. भिंगरीने छाती भरून घेतली आणि मला फुंकलं.

मी वाजले. अशी वाजले की अंगावर काटा यावा.

पलीकडे काही नाही.

पुन्हा फुंकलं. काही नाही. घोळका मोठ्या हौदापाशी पोचला. फटीतून दिसत नव्हतं पण ऐकू येत होतं. आधी 'वा', मग कुजबुज, मग रेडिओचा आवाज, पहिल्यांदाच अडखळणारा. "हे... हे घोडे बघा. हे घोडे सध्या... तहानलेले आहेत."

हशा पिकला. पोरं कोरड्या हौदात उतरून घोड्यांच्या पायांवर चढायला लागली. "ओ काका, पाणी कुठंय?" मॅडमचा आवाज आला, "काय चाललंय हे?"

तेव्हा भिंगरीने ते केलं जे राजाच्या काळापासून कुणी केलं नव्हतं. ती कुंपण फाडून बाहेर आली. लोकांच्या समोर! चिखलाच्या बुटांनी, केसांत पानं, तोंडात मी. ती पळत सुटली आणि पळता पळता मला फुंकत होती, घोळक्याच्या मधून, मॅडमच्या शेजारून. पोरांना वाटलं खेळ सुरू झाला, ती 'हो ओ ओ' करत मागे. त्यांच्या मागे त्यांच्या आया. मी आयुष्यात तशी वाजले नाही. एखाद्या सामन्याचा शेवट नव्हे, सगळ्या सामन्यांचा शेवट वाटावा अशी.

दुसऱ्या कुंपणातून आम्ही आत घुसलो.

मुकादम झोपलेले नव्हते. खरं सांगते, ते झोपलेले सापडावेत अशी माझी इच्छा होती, शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. पण ते खड्ड्यात ताठ बसले होते, दोन्ही हात चाकावर, मान पुढे, सगळं अंग कान करून वाट बघत. आमच्याकडे पाठ. भिंगरी वळसा घालून त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली आणि तिने मला फुंकलं. हातभर अंतरावरून. मागे आलेल्या पोरांनी कान झाकले. एक तान्हं रडायला लागलं. घुमटावरची कबुतरं उडाली.

मुकादमांनी वर पाहिलं. पुतणीचे फुगलेले गाल पाहिले, लालबुंद तोंड पाहिलं, आणि वैतागून म्हणाले,

"अगं, गाल काय फुगवतेस नुसती? वाजव ना!"

एका पोराने कानांवरचे हात काढले.

भिंगरीच्या तोंडातून मी गळून पडले, दोरीला लोंबकळत राहिले. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून एक पांढरी गोटी आली, सावकाश, सवयीने टाकलेली, आणि पत्र्याच्या झाकणावर पडली. ठण्ण.

मुकादमांच्या डोक्यावर पत्रा थरथरला आणि क्षणात त्यांचे हात फिरले. चाक गरगरलं. पलीकडे हौदातून असा आरडाओरडा उठला की विचारू नका! पाण्याची धार गच्चीपर्यंत गेली आणि घोड्यांच्या पायांवर चढलेली सगळी शाळा, दोन मास्तर आणि रेडिओ नखशिखांत भिजले. लोक नाचत होते. मॅडमही भिजल्या आणि, काय सांगू, हसत होत्या.

कुंपणाच्या आत मात्र कुणी हसत नव्हतं. शिट्टीमामा आम्ही पाडलेल्या भगदाडातून आत आले होते, हातात अजून दोन गोट्या.

"तुम्हाला माहीत होतं," भिंगरी त्यांना म्हणाली.

"मित्र आहे गं माझा," मामा म्हणाले. "शिट्टी लोकांसाठी मारायचो, गोटी त्याच्यासाठी. मी काम सोडल्यापासून तो अंदाजानेच पाणी सोडतो. जाताना तुला सांगावं असं आलं होतं मनात. पण त्याची नोकरी..."

"आणि माझी?"

मामा कवळी चावत उभे राहिले.

काकू आत आली तशी तीही सुरू झाली, "मग मी घरात टेबल बडवते ते काय हौस म्हणून? सगळ्यांना कळतंय, एका याच माणसाला कळत नाही!" काकू, काकू, हे तू पोळीला सांगितलंस, पोरीला का नाही सांगितलंस?

मुकादम एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "वेळेवर सोडलं ना?"

भिंगरी खड्ड्यात उतरली. अगदी त्यांच्या समोर बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "नाही, काका. तुम्हाला ऐकू येत नाही."

"कोण म्हणतं?"

तिने मला त्यांच्यापुढे धरलं. "ही म्हणते."

म्हाताऱ्याने मला हातात घेतलं. फुंकलं नाही. बाहेर पाण्याचा केवढा गडगडाट होता, पोरांचा केवढा गोंधळ होता, आणि तो माणूस जन्मभर ज्या पाण्याजवळ बसला ते पाणी त्याला ऐकू येत नव्हतं. कधीपासून, कुणास ठाऊक. मला तेव्हा त्याची दया यायला हवी होती. आली, थोडीशी. पण त्याने माफी मागितली नाही, हेही लिहून ठेवा. भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून "चांगली पळतेस" एवढंच म्हणाला. मोठ्या माणसांकडे माफीऐवजी असलंच काहीतरी असतं.

मॅडमनी विजेची घंटा बसवली नाही. त्या दिवशी मुलं सगळ्यांत जास्त कुठे रमली, तर कारंज्यापाशी नव्हे, कुंपणाच्या भोकाशी, आत चाक कसं फिरतं ते बघायला. मॅडमनी ते पाहिलं होतं. मग कुंपणं कमरेएवढी छाटली. आता लोकांना सगळं दिसतं : खड्डा, चाक, चाकवाला, पाणी वर जाणं आणि खाली बसणं. रेडिओने शाप रद्द केला, आता तो ओरडतो, "मागे वळून बघा! गंमत मागे आहे!" आणि लोक आधीपेक्षा जास्त आनंदाने ओरडतात. एवढी पिढ्यान्पिढ्या लपवालपवी केली ती कशासाठी, देव जाणे. मुकादम आपल्याच चाकावर आहेत. भिंगरी पहिल्या खड्ड्यातून त्यांना लाल फडकं दाखवते, ते बघतात, पाणी सोडतात, एकदाही उशीर नाही. पर्यटकांतली पोरं फडकं हलवायला मिळावं म्हणून रांग लावतात.

शिट्टी लागत नाही.

मी मुकादमांच्या खड्ड्यात एका खिळ्याला टांगलेली आहे. इथून घोडे दिसतात, आणि धार वर गेली की अजूनही माझ्या पोटात काहीतरी उडतं असं मला वाटतं, पण उडायला आत काही नाही. वाचणाऱ्या, तुझ्या घरात कुणी टेबल बडवत असेल, तर ऊठ आणि जे आहे ते सांग. लहानांच्या फुंकेवर ढकलू नकोस.

त्या शेवटच्या फुंकेत माझा दाणा फुटला. भिंगरीच्या ओठाला त्याचा भुगा लागला होता, तो तिने बाहीला पुसला. आता मला फुंकलं तर एक सरळ, कोरडी रेघ निघते, थरथर नाही. एका म्हाताऱ्याचे कान गेले होते, आणि त्यात माझा आवाज गेला.